तिसरी लाल तार

आमच्या ह्यांना कामावर सगळे पाढेमास्तर म्हणतात. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाही. बत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतात, पण मोजल्याशिवाय ह्या माणसाचं पान हलत नाही. घराबाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघायचं, गॅसची बटणं चार, दिवे सात. आणि रोज संध्याकाळी कामावरून आले की उंबऱ्यातच, बूट काढायच्याही आधी, खांद्यावरची हत्यारांची पिशवी उघडून मोठ्यानं म्हणायचं: एक, दोन, तीन. लग्नानंतर पहिल्या महिन्यात मला वाटायचं, नवरा भाविक मिळाला, दारातच काहीतरी पुटपुटतो. मग कळलं, तारा मोजतोय.

ह्या तारांचं आधी सांगायला हवं. लिफ्टची प्रत्येक मजल्यावरची बाहेरची दारं नीट लागल्याशिवाय लिफ्ट जागची हलत नाही. पण दुरुस्ती करताना कधीकधी दार उघडं असतानाच ती हलवून बघावी लागते. तेव्हा गच्चीजवळच्या मशीनरूममध्ये जाऊन दोन ठिकाणी चिमटे लावून एक तार जोडतात. मग लिफ्टला वाटतं, सगळी दारं लागली आहेत. काम झालं की तार काढायची. ती काढायची राहिली, तर लिफ्ट दार उघडं टाकून खुशाल निघून जाते, आणि त्या दारातून पाऊल टाकणाऱ्याच्या पायाखाली काहीच नसतं.

म्हणून ह्यांच्या तारा लालभडक, हातभर लांब, आणि तीनच. खिशात ठेवायच्या नाहीत, कुणाला उसन्या द्यायच्या नाहीत. "तिन्ही भरल्या की समजायचं, आज आपल्या हातून कुणी मेलं नाही," असं ते म्हणतात. नेमकं जेवायला बसताना म्हणतात, त्यामुळे मला संताप येतो.

तर ह्या माणसाला मी अकरा वर्षांनी सुट्टी घ्यायला लावली. आठ दिवस, समुद्रकाठी. त्यासाठी किती भांडले ते मलाच माहीत. मी शाळेच्या ग्रंथालयात कामाला आहे, मला सुट्ट्या आयत्या मिळतात. ह्यांना मात्र सुट्टी म्हटलं की अंगावर काटा येतो. निघायच्या दिवशीसुद्धा हे कामावर गेले. पाचची गाडी आणि साडेतीन वाजले तरी पत्ता नाही. मी एकामागून एक पाच फोन केले. पाचव्या फोनला म्हटलं, "तुम्ही या नाहीतर नका येऊ, मी निघाले."

आले ते धापा टाकत. उंबऱ्यात उभे राहून पिशवी उघडायला लागले, तशी ती मी खांद्यावरून ओढून घेतली आणि त्यांना न्हाणीघरात ढकललं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांची मोजणी चुकली. त्याच गडबडीत आमच्या मोठ्या बॅगेचं हँडल उपसून हातात आलं. हाताला जे लागलं त्यानं मी ते करकचून बांधलं, बोटांना कापू नये म्हणून वर जुन्या टॉवेलची पट्टी गुंडाळली, आणि आम्ही सुटलो.

पहिले दोन दिवस हे समुद्राकडे पाठ करून हॉटेलच्या लिफ्टचा आवाज ऐकत बसायचे. तिसऱ्या दिवशी मॅनेजरला सांगून आले की तुमचं बेअरिंग जायला आलंय. पण सहाव्या दिवशी चक्क दुपारी झोपले. सातव्या दिवशी खोलीचं कुलूप एकदाच ओढलं. मला वाटलं, जिंकले मी.

रविवारी तीनच्या सुमाराला घरी पोचलो. आठ दिवस बंद असलेल्या घराला जो कुबट वास येतो तो आला, नळातून आधी तांबूस पाणी आलं, दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनाही कामावर जायचं होतं. मी खालच्या मजल्यावर शेजारणीकडे ठेवलेल्या कुंड्या आणायला गेले. तिनं बसवून घेतलं, समुद्राचं विचारलं, मीही सांगत बसले. कुंडी घेऊन वर आले तर हे खोलीच्या मधोमध उभे. खाली वर्तमानपत्रावर हत्यारांची पिशवी पालथी केलेली. कानाला फोन नाही, हातात धरलेला, आणि त्यातून एका वॉचमनचा खणखणीत आवाज येत होता.

"एकदम झकास चाललीय मास्तर! आधी चौथ्यावाले दार अर्धवट टाकून जायचे, लिफ्ट तिथंच अडकायची, आणि मला चार जिने चढून दार लावायला जावं लागायचं. पाय तुटायचे हो माझे. आता तो त्रासच मिटला. दार कसंही असू दे, बटण दाबलं की येते गुमान. काय जादू केलीत तुम्ही लोकांनी?"

ह्यांचे ओठ पांढरेफटक पडले. मी कुंडी हातातच धरून उभी राहिले. लिफ्टचं काम मला येत नाही, पण एकोणतीस वर्षं ऐकते आहे. दार उघडं असताना लिफ्ट निघून जाते, ह्याचा अर्थ मला कुणी समजावायची गरज नव्हती.

"नीट ऐक," हे म्हणाले. "आत्ताच्या आत्ता लिफ्ट खाली बोलव. आली की आतली जाळी उघड आणि मधे स्टूल घाल. जाळी उघडी असली की ती हलणार नाही. कुणालाही चढू देऊ नको. मी निघालोय."

"आज रविवार आहे मास्तर. चौथ्यावर डोळ्यांच्या डॉक्टरांची तपासणी असते. सगळी म्हातारी माणसं, डोळ्यांत औषध घातलेली, त्यांना दिसत नाही धड. ती जिने कशी उतरणार?"

"म्हणूनच सांगतोय ना!" हे ओरडले. हे ओरडतात हे मला त्या दिवशी कळलं.

कुंडी तिथंच ठेवली आणि त्यांच्या मागे जिना उतरले. नको येऊस असं ते म्हणाले नाहीत. टॅक्सी मिळाली. दार लावून घेतल्यावर पाच मिनिटं ते उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर दाबत होते, चिमटा काढतात तसे.

"मी काढली की नाही, तेच आठवत नाही," शेवटी म्हणाले. "निघायच्या दिवशी शेवटचं काम तिथलं. चौथ्याच्या दाराचं. मी तार लावली होती. मग तुझा फोन आला. मग... काढल्याचं डोळ्यांसमोर येतं गं, पण ते त्या दिवशीचं कशावरून? हजार वेळा काढलीय. त्या हजारांतलं कुठलंही असेल."

"पण राहिली असं कशावरून म्हणता?"

"पिशवीत दोनच आहेत. चारदा मोजल्या. तिसरी नाही."

मला निघायचा दिवस आठवला. न्हाणीघरात ढकललेला नवरा, उपसलेलं हँडल, घड्याळात चार वाजून दहा मिनिटं, दारात पडलेली उघडी पिशवी आणि तिच्या तोंडाशी लोंबणारं काहीतरी लाल. मी बघितलं नव्हतं असं म्हणणार नाही. बघितलं होतं. लांब आहे, चिवट आहे, एवढंच बघितलं होतं. तार म्हणून बघितलंच नाही. वर पट्टी गुंडाळली आणि विसरून गेले.

नवऱ्यानं इतक्या वर्षांनी कुठं दुपारची झोप घेतली होती, आणि मी त्याला हे सांगायचं. पण न सांगून कसं चालेल?

"अहो," मी म्हटलं. "ती तार घरी आहे. बॅगेच्या हँडलला. मी बांधलीय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आधी कळलंच नाही त्यांना. मग कळलं, आणि त्यांनी डोळे मिटून डोकं मागे टेकवलं. छाती एकदा वर आली आणि खाली गेली. रागावलेसुद्धा नाहीत. मला रडू येत होतं आणि हसूही. टॅक्सीवाला सगळं ऐकत होता. तो म्हणाला, "मग परत फिरवू का साहेब?"

"फिरवा," मी म्हटलं.

"नको!" हे ताडकन सरळ झाले. "पुढे घ्या. लवकर घ्या." मग माझ्याकडे वळले. "माझी तार घरी आहे ना? मग ती लिफ्ट दार उघडं टाकून कशी येतेय?"

मला एवढा वेळ वाटत होतं की ह्याहून वाईट आता काही व्हायचं नाही. हे बोलत राहिले, माझ्याशी नाही, स्वतःशीच. ह्यांच्या सुट्टीत त्या इमारतीचं काम चटपटकडे होतं. चटपट म्हणजे ह्यांच्याच कंपनीतला चाळिशीचा मेकॅनिक. खिशात कंगवा, तोंडात शीळ, आणि कुठलंही काम अर्ध्या तासात. म्हणून हे नाव. तक्रार पुन्हा आली असणार. त्यानं तार टाकली असणार आणि गेला असणार.

मग ते एकदम थांबले. समोरचा सिग्नल लाल होता.

"मी काय करून बसलो," ते म्हणाले. "लिफ्ट खाली बोलव म्हणून मीच सांगितलं. ती चौथ्यावर उभी असेल आणि तिथलं दार अर्धवट असेल, तर ते तसंच टाकून खाली आली असेल. आता ती खाली अडकवलेली आहे. आणि चौथ्याचं दार?"

त्यांनी वॉचमनला फोन लावला. वाजत राहिला. फोन त्याच्या केबिनमधला, आणि तो मात्र सांगितल्याबरहुकूम लिफ्टजवळ बसलेला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. त्या दवाखान्याचा नंबर आमच्याकडे नव्हता, नाव आठवत नव्हतं. दोन चौक अलीकडे गाड्या तुंबल्या होत्या. टॅक्सीवाला म्हणाला, "उतरा आणि पळा, माझं काय ते नंतर बघू." देव त्याचं भलं करो.

पळालो. ह्यांचा डावा गुडघा दहा वर्षांपूर्वी कामातून गेलेला आहे, ते उड्या मारत मारत येत होते. सहा मजल्यांची साधी पिवळी इमारत. आत वॉचमन लिफ्टच्या जाळीत स्टूल घालून, वर स्वतः बसून, अगदी पहाऱ्यावरच्या शिपायासारखा ताठ.

"हललो नाही मास्तर," तो अभिमानानं म्हणाला.

"चौथ्याचं दार लागलेलं आहे का?"

"ते कुठं बघायला सांगितलंत?"

मी थांबलेच नाही. जिना चढायला लागले. मागून त्यांचा आवाज आला, "दाराला हात लावू देऊ नको कुणाला!" त्या दिवशी मी पायऱ्या मोजल्या. का ते विचारू नका. मोजलं नसतं तर पाय उचलले नसते. अठरा, मग वळण, मग अठरा. तिसऱ्या मजल्यावर चप्पल निसटली, ती सोडून दिली.

चौथ्या मजल्यावर लांब बोळ होता. एका बाजूला दवाखान्याचा बाक, त्यावर पाच-सहा माणसं डोकी मागे टेकवून, डोळे मिटून, औषध भिनायची वाट बघत बसलेली. बोळाच्या टोकाला लिफ्टचं दार. ट्यूबलाइट नेमकी तिथलीच गेलेली. दार चार बोटं उघडं होतं. दारातल्या काचेच्या पट्टीत उजेड नव्हता. लिफ्ट असती तर आतला दिवा दिसला असता.

आणि दारासमोर एक आजोबा उभे होते. काळा चष्मा, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात काठी. त्यांची सून आत खिडकीशी कागद घेत होती. तिला ऐकू जाईल अशा बेतानं ते म्हणाले, "ये गं लवकर. लिफ्ट आलीय, दार उघडंच आहे." आणि त्यांनी दार ओढलं.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. बाकावरच्या सगळ्यांनी डोळे उघडले, पण त्यांना दिसत कुठं होतं? आजोबांनी मान थोडी वळवली, बोळात कुणीतरी कुणावर तरी खेकसतंय असं समजून पुन्हा पुढे केली, आणि शहाण्या माणसासारखी आधी काठी पुढे टाकली. काठी टेकली नाही. हात काठीमागे गेला, खांदा हातामागे गेला.

माझ्या मुठीत शर्ट आला. कॉलर, पाठ, जे आलं ते. मी सगळं अंग मागे टाकलं आणि आम्ही दोघं फरशीवर आदळलो. आजोबा माझ्या पायांवर.

काठी पडल्याचा आवाज लगेच आला नाही. तो यायला जो वेळ लागला, तो मी अजून विसरलेले नाही.

हे वर आले तेव्हा मी बसल्या बसल्याच एका पायानं दार दाबून धरलं होतं. त्यांनी दाराकडे बघितलं, आजोबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग दार ओढून नीट लावलं आणि त्याला पाठ लावून खाली बसले. गुडघा धरला होता, पण कळवळत होते ते गुडघ्यानं नाही. थोड्या वेळानं उठून, भिंतीला धरून, उरलेले जिने चढून मशीनरूममध्ये गेले. खाली आले ते मूठ मिटून. मूठ उघडली तर आत एक तार. काळी, बोटभर लांबीची, शोधल्याशिवाय दिसू नये अशी.

चटपटला त्यांनी तिथूनच फोन केला. तो म्हणाला, "तुम्ही आलात की सांगणारच होतो मास्तर. रोज तक्रार येत होती. दाराचं कुलूप गेलंय तिथलं, नवीन पार्ट मिळेपर्यंत म्हटलं चालू राहू दे." हे त्याला एक शब्द लागट बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "काठी पडली रे. माणूस राहिला." आणि फोन ठेवला. मला वाटलं होतं, चांगला फैलावर घेतील. मी असते तर घेतला असता.

कंपनीतल्या साहेबांना फोन केला तर साहेब म्हणाले, आज काढून टाका, वहीत काही लिहू नका, उद्या बसून बघू. हे हो म्हणाले, पुन्हा वर गेले, आणि प्रत्येक लिफ्टची एक नोंदवही मशीनरूममध्ये टांगलेली असते ती काढून लिहायला बसले. मीही मागोमाग गेले होते, शेजारी उभी राहून वाचत होते. पहिली ओळ त्यांची स्वतःची होती. चौथ्या मजल्याच्या दाराचं कुलूप झिजलेलं आढळलं, बदलणं आवश्यक होतं, घाईमुळे फक्त साफ करून सोडलं, नोंद केली नाही. खाली त्यांची सही आणि आम्ही निघालो त्या दिवसाची तारीख. काळ्या तारेचं त्याच्यानंतर.

"घाई माझी होती," मी म्हटलं. "पाच फोन मी केले. तेही लिहा."

"फोन आला तरी पाना माझ्याच हातात होता," ते म्हणाले. आणि वही मिटली.

आम्ही चौथ्यावर उतरलो तोवर आजोबांचा आवाज चढला होता. त्यांची सून कागद घेऊन बाहेर आली होती. तिनं एकदा दाराच्या काचेतून डोकावून बघितलं होतं आणि ती भिंतीला टेकून बसली होती. आजोबांना मात्र काहीच दिसलेलं नव्हतं. एका अनोळखी बाईनं आपल्याला मागून ओढून पाडलं, एवढंच त्यांना माहीत. "अहो, माणसाला असं ओढतात का?" ते मला म्हणाले. "शर्ट फाडलात माझा. थोरल्यानं दिलेली काठी गेली. वयाचा काही विचार?"

मी म्हटलं, "चुकलं आजोबा."

हे पहिल्या मजल्यावरून खाली उभ्या लिफ्टच्या टपावर उतरून काठी घेऊन आले. मधोमध चिरली होती. आजोबांनी ती हातानं चाचपली आणि आणखीनच चिडले. सून काहीतरी सांगायला गेली, मी मान हलवली. घरी जाऊन सांग, हळूहळू सांग. आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरून त्यांना चार जिने उतरवले. प्रत्येक जिन्याला ते लिफ्टवाल्यांच्या नावानं बोटं मोडत होते, आणि हे प्रत्येक जिन्याला "हो आजोबा" म्हणत होते.

घरी आलो. कुंडी खोलीच्या मधोमध तशीच होती, हत्यारं वर्तमानपत्रावर तशीच. ह्यांनी बॅगेच्या हँडलची पट्टी सोडली, लाल तार उलगडून सरळ केली, टोकाचे चिमटे दाबून बघितले. मी बाजूला उभी होते. बोलणी खायची माझी तयारी होती, खरं तर मला ती हवी होती.

"त्या इमारतीची माझी पाळी वीस तारखेला आहे," ते म्हणाले. "आज सात. पिशवीत तीन तारा असत्या तर मी वॉचमनला फोनच केला नसता. चहा पिऊन झोपलो असतो." ते तार गुंडाळत राहिले. मी चहा करायला गेले, कारण दुसरं काही सुचेना.

सोमवारी सकाळी डबा भरताना माझ्या उजव्या तळहाताला ठसठस जाणवली. बघितलं तर एक गोल लाल वळ उठला होता. मग आठवलं. काल मूठ सोडवली तेव्हा त्यात शर्टाचं बटण होतं, पांढरं, मागे दोऱ्यासकट, आणि ते मी पदरात बांधून ठेवलं होतं. गाठ सोडून ते मी ह्यांच्या हातावर ठेवलं. ते त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी ते पिशवीत, तारांच्या कप्प्यात टाकलं आणि कामावर गेले.

संध्याकाळी मी त्यांच्या आधी घरी आले होते. दार उघडं होतं. जिन्यावर पावलं वाजली, उंबऱ्यात थांबली, पिशवीची चेन सरकली. मी हातातलं काम टाकून ऐकत उभी राहिले.

"एक," ते म्हणाले. "दोन. तीन." थोडं थांबले. "बटण."

मग त्यांनी बूट काढले.